एका टाचेतले चौघे

सुलाबाई : मग मला एवढंच सांग, ह्यात तुला मिळनार काय? जिकलास तर एक कप चहा, तोबी तुझ्या हापिसासमोरचा, अर्धं पानी. आन बिनसलं तर पालम.

नागनाथ : पालमचा आन ह्या खेळाचा काय संबंध, माय?

सुलाबाई : मार्चात पालमच्या गोदामावर एक कारकून धाडायचाय, हे तूच सांगितलंस. कोनाचं नाव धाडायचं ते ठरवनार किशनराव, तुझा हेडक्लार्क. आन तू त्याच्याच म्होरं हे घरचे पत्ते मांडनार. चार तास यष्टीत जातेल रोजचे. म्या साळंत गेले न्हाई, पर येनं किती आन जानं किती, एवढं कळतंय मला.

सगुणा : आत्या, जरा पाय उचला. स्लीपरची टाच तुमच्या पायाखाली गेलीय.

सुलाबाई : स्लीपर माझीच हाय ती. कोनाला इचारून कापली?

सगुणा : पट्टा तुटून दिवाळीपासून खाटंखाली पडली व्हती. ह्यांना रबर पाहिजे व्हतं शिक्क्याला.

सुलाबाई : काय काय काढलं तिच्यातून?

नागनाथ : राजाचा मुकुट झाला. मंत्र्याची दौत झाली. शिपायाचा दंडुका झाला. आता चोराची पिशवी कोरायलोय. अक्षरं उलटी कोरावी लागतात, म्हणून चित्रंच केली.

सुलाबाई : म्हंजी राजाबी चपलंतूनच निघाला.

नागनाथ : चारी एकाच टाचेतून.

सुलाबाई : एवढं मात्र मला पटलं.

सगुणा : मी म्हणत व्हते, पिशवीऐवजी किशनरावाच्या मिशा कोरा. हे आयकंनात.

नागनाथ : चोराला कुणाचंच तोंड द्यायचं न्हाई. तेच तर मोडायचंय.

सुलाबाई : शाई हापिसातून आनलीस का रे?

नागनाथ : न्हाई. स्टेशन रोडवरून आणली, पावती खिशात हाय. हापिसातली शाई वापरली असती तर त्यांची चोराची चिठ्ठी खरी ठरली असती.

सुलाबाई : आता मला पयल्यापासून सांग. चार मानसं, चार चिठ्ठ्या. सतरा दिस झाले, चोराची चिठ्ठी तुलाच कशी निघती? देवाला दुसरं काम न्हाई का?

नागनाथ : देवाचं ह्यात काही न्हाई. सतरा तारखेला मी पेढे घेऊन गेलो व्हतो, आठवतंय ना?

सुलाबाई : इद्यापीठाला नाव दिलं तवाचे. अर्धा किलो. आठवतंय की, मला दोनच मिळाले.

नागनाथ : किशनराव म्हणाले, मला साखर हाय. बन्सीधर कॅशियर म्हणाले, माझा सोमवार हाय.

सगुणा : पेढा सोमवारला चालतो.

नागनाथ : मीबी तेच म्हणालो. तर म्हणाले, आमच्या घरी चालत न्हाई. दत्तराव टायपिस्टांनी एक घेतला आन ड्रॉवरमध्ये ठेवला. चार दिवसांनी त्यांच्या टाइपरायटरमध्ये मुंग्या निघाल्या. तर पेढ्याच्याच दिवशी डबे उघडताना किशनरावांनी काढलं, की चौघं आहोत, राजा-मंत्री-शिपाई-चोर खेळू, लहानपणासारखं. राजाला हजार, मंत्र्याला आठशे, शिपायाला पाचशे, चोराला भोपळा. राजानं मंत्र्याला हाक मारायची, मंत्र्यानं उरलेल्या दोघांतला चोर ओळखायचा. चुकला तर मंत्र्याचे आठशे चोराला जातात. चार डाव झाले की ज्याचे सगळ्यात कमी, त्यानं चौघांना चहा पाजायचा.

सुलाबाई : आन तू पाजायलास.

नागनाथ : सतरा दिवस. मला वाटायचं, नशीब. आवक-जावकचा कारकून हाय मी, आलेला कागद मुकाट घ्यायची सवय.

सगुणा : नशीब कसलं. परवा ह्यांच्या सदऱ्यात चुकून आलेल्या त्या चार चिठ्ठ्या सापडल्या. मी दिवसाला पाचशे पाकिटं चिकटवते, आत्या. कागद एका अंगानं दुमडला की मुकाट पडून ऱ्हातो, दुसऱ्या अंगानं दुमडला की पुन्हा तोंड वासतो. तीन चिठ्ठ्यांची घडी एका अंगानं व्हती. चौथीची दुसऱ्या अंगानं. टेबलावर टाकली की तीन मिटलेल्या, एक तोंड वासून.

सुलाबाई : ती चोराची.

सगुणा : ती चोराची. आन हे सगळ्यात शेवटी उचलणार.

सुलाबाई : कामून?

नागनाथ : तिघंबी वडीलधारे हायेत. त्यांच्या आधी हात घालणं बरं दिसतंय का?

सुलाबाई : हे वळन म्याच लावलं तुला. वाटूळं केलं म्या तुझं.

नागनाथ : आन मंत्री कुणीबी असू दे, त्याला दिसतच व्हतं की उरलेली कुणाच्या हातात हाय. डोळे मिटून माझ्याकडं बोट. तिघं हसायचे, मीबी हसायचो.

सुलाबाई : नाव बदललं त्याचा चहा वसूल करायलेत म्हन की.

नागनाथ : तसं तोंडानं कुणी बोललं न्हाई.

सुलाबाई : तोंडानं कशाला बोलतील, चिठ्ठी हाय की तोंड वासायला. आता आयक माझं. खेळ सोडून दे. सांग, डागदरनं चहा बंद केलाय. पालम चुकल, चहाबी वाचल.

नागनाथ : सोडून दिला तर ते म्हणतील, हरला म्हणून पळाला.

सुलाबाई : म्हनू दे. सोळा वर्सांमागं ह्याच नावावरून आपलं छप्पर गेलं. गाव सोडून इथं आलो तवा तुझ्या बापानं खांद्यावर काय आनलं व्हतं? एक पाटा आन तू. आता नाव आलंय, आनंद हाय. छप्परबी ऱ्हाऊ दे.

नागनाथ : माय, छप्पर न्हाई जात चहानं.

सुलाबाई : तवाबी लोक हेच म्हनत व्हते, की नावानं छप्पर न्हाई जात.

सगुणा : चोर कोरून झाला का? द्या इकडं. प्रेसमधल्या चंद्रभाननं लग्नपत्रिकेची कातरणं धाडलीत, चांगली जाड हायेत. बघा, मुकुट कसा उठला.

नागनाथ : मुकुट बरा उठला. दौत जरा वाकडी झाली.

सगुणा : मंत्र्याची दौत वाकडीच असायची. आता चोर... झाला. थांबा. हे बघा पाठीमागं.

नागनाथ : काय?

सगुणा : पिशवी भरीव कोरली तुमी. शाई जास्त बसली, कागदातून पाठीवर आलीय. निळा डाग दिसतोय.

नागनाथ : बारीक हाय. कोण बघतंय एवढं.

सगुणा : तेच बघतील. सतरा दिवस दुसरं काय केलं त्यांनी?

सुलाबाई : थांबा थांबा. फेकू नको ग. मला दाव. हे तर झ्याक झालं की. आता डाग कुठं हाय ते तुला ठाव, त्यांना न्हाई. तू शेवटून उचलायचं सोड, आधी हात घाल, चोर सोडून बाकी कायबी उचल. राजाच्या पाठीवरबी एक टिंब मारून घे. महिनाभर फुकट चहा. पालमला गेलास तरी वसूल करून जाशील.

नागनाथ : न्हाई.

सुलाबाई : कामून न्हाई? त्यांनी केलं ते खेळ, आन आपन केलं की पाप?

नागनाथ : माय, चोर व्हायला माझी ना न्हाई. चौघांत एक जण चोर निघणारच, तो मीबी निघीन. पण निघाला तर निघाला म्हणून. आधीच ठरलंय म्हणून न्हाई. आन जे मला नको ते मी किशनरावालाबी करणार न्हाई. त्याच्यात आन माझ्यात मग घडीचाच फरक ऱ्हाईल.

सुलाबाई : हा हिशेब तोट्याचा हाय.

नागनाथ : हाय.

सुलाबाई : बापावर गेलाय.

सगुणा : मग दुपदरी करावं लागल. पाठीला दुसरा कागद लावते खळीनं. मोरचूद घातलेलीच खळ हाय पाकिटांची, कसर लागत न्हाई. पाट्याखाली दाबून ठेवले की संध्याकाळपोत्तर वाळतील. पण कोरी पाठ नको. कोऱ्या पाठीवर चार दिवसांत बोटाचे डाग पडतात, ज्याच्यावर पडले ते वळखू येतंय. काहीतरी ठसा पाहिजे, चारीवर एकसारखा.

नागनाथ : आता रबर उरलं न्हाई.

सगुणा : दुसऱ्या स्लीपरची टाच हाय की.

सुलाबाई : तिला हात लावू नका. ती चांगली हाय.

सगुणा : एकच स्लीपर घालून कुठं जाणार, आत्या?

सुलाबाई : ते माझं म्या बघीन. शाई आन इकडं.

नागनाथ : कशाला?

सुलाबाई : अंगठा हाय की माझा. रेशनला उठवला, दवाखान्यात उठवला, छपराच्या पंचनाम्यावर उठवला, आन त्याचं काय मिळालं ते ठावंच हाय. सही शिकले त्याला दोन वर्सं झाली, तवापासून कुठं दिला न्हाई. आता देते. तुझं पटलं म्हनून न्हाई. पोरीचा कागद वाया जायलाय म्हनून.

सगुणा : एकदम पत्त्यावर नको. ह्या पट्टीवर वीस उठवा. दाब सारखा ठेवा. विसातले चार एकसारखे निवडून चिकटवते.

सुलाबाई : वीस अंगठे घ्यायलीस तू, सावकाराच्या वर झालीस. धर पट्टी. नागनाथ, आन एक सांगते. सहा दिस खेळायचं तर खेळ. पर रोज येऊन मला सांगत बसू नको, माझा जीव वर-खाली व्हतो. शनवारी एकदाच सांग.

(शनिवार, दुपारचे तीन. तेच घर. सगुणा पाकिटं चिकटवत बसली आहे, सुलाबाई दारात.)

सुलाबाई : चप्पल काढायच्या आधी बोल.

नागनाथ : पाणी तरी दे, माय.

सुलाबाई : सहा दिस तोंड शिवून बसलास. म्या सांगितलं रोज सांगू नको, तर तू खरंच सांगितलं न्हाईस. असं कुठं असतंय का? सोमवारी काय झालं?

नागनाथ : सोमवारी डबे झाले आन मी पत्ते टेबलावर ठेवले. म्हणालो, चिठ्ठ्या मळल्या व्हत्या, नवीन करून आणल्यात. किशनरावांनी एकेक उलटून बघितला. विचारलं, हा अंगठा कुणाचा? मी म्हणालो, माझ्या मायचा. तर बन्सीधर म्हणाले, सही येत न्हाई वाटतं. मी म्हणालो, येते. सगळ्याच कागदावर करत न्हाई.

सुलाबाई : हे बरं बोललास. मग?

नागनाथ : मग खेळलो. पिसायचं काम ज्याचं त्यानं आळीपाळीनं. मी शेवटीच उचलला, रोजच्यासारखा. आन चारांतून तीन डाव मीच चोर.

सगुणा : काय सांगता.

नागनाथ : खरं. तिन्ही वेळा धरला गेलो. सोमवारचा चहा मी पाजला.

सगुणा : एवढी खळ, एवढं कातरकाम, आन पुन्हा तुमीच?

नागनाथ : पण काय चव व्हती म्हणून सांगू. पहिल्यांदाच खरा हरलो व्हतो. बन्सीधर म्हणाले, पत्ते बदलून काय उपयोग झाला. मी म्हणालो, उद्या बघू.

सुलाबाई : मंगळवारी.

नागनाथ : मंगळवारी गंमत कळली मला. पत्ते बदलले, पण त्यांचं बोट बदललं न्हाई. बन्सीधर दोनदा मंत्री झाले. दोन्ही वेळा बघितलंबी न्हाई, माझ्याकडं बोट केलं. मी दोन्ही वेळा शिपाई. चोर एकदा दत्तराव, एकदा किशनराव. बन्सीधरांचे सोळाशे गेले.

सगुणा : म्हंजे सवयीनं.

नागनाथ : सवयीनं. सतरा दिवस बोट एकाच दिशेला गेलंय, ते आपोआप तिकडंच वळायलंय. मी चोर नसलो तरीबी. आन जितक्या वेळा मी चोर नसतो तितक्या वेळा त्यांचं नुकसान.

सुलाबाई : थांब, मला बसू दे. हे मला आवडायलंय. बुधवारी?

नागनाथ : बुधवारी किशनराव मंत्री. दत्तराव हळूच म्हणाले, साहेब, जरा तोंड बघून सांगा, हा न्हाई वाटत. किशनराव म्हणाले, माझी नजर चुकत न्हाई, तीस वर्षं नोकरी झाली. बोट माझ्याकडं. मी पत्ता उलटला, दंडुका. चहा किशनरावांचा. गुरुवारी दत्तरावांनी माझ्याकडं बोट करायचं टाळलं, विचार करून बन्सीधरांकडं केलं, आन चोर मीच निघालो.

सगुणा : म्हंजी त्यांचे आठशे तुमाला.

नागनाथ : मला. दत्तराव एकटेच हसले त्या दिवशी, मनापासून. म्हणाले, लेका, चोर होऊन पहिल्यांदा काही मिळालं तुला. चहा त्यांनीच पाजला. जाताना म्हणाले, तो पेढा तवाच खायला पाहिजे व्हता.

सुलाबाई : सोमवारी धाड दोन, घरचे.

नागनाथ : शुक्रवारी किशनरावांनी पत्ते बाजूला सारले. म्हणाले, हे जाड हायेत, हातात बसत न्हाईत, आपल्या कागदाच्या चिठ्ठ्याच बऱ्या. बन्सीधर कागद फाडायलाबी लागले. मी म्हणालो, चिठ्ठ्याच पाहिजेत तर चिठ्ठ्या घेऊ. पण घडी मी घालतो.

सुलाबाई : असं म्हनालास?

नागनाथ : एवढंच म्हणालो. आवाजबी चढवला न्हाई.

सगुणा : मग?

नागनाथ : बन्सीधर हातातला कागद बघायले, मग त्यांनी तो खिशात घातला. दत्तरावांनी पत्ते उचलले आन पिसायला लागले. कसली घडी, हे कुणी विचारलंबी न्हाई. त्या दिवशी पुन्हा किशनराव हरले.

सुलाबाई : आता आजचं.

नागनाथ : आज शेवटचा डाव. किशनराव आन बन्सीधर बरोबरीला व्हते, डावावर चहा ठरणार व्हता. राजा दत्तराव. मंत्री किशनराव. उरलो मी आन बन्सीधर. आमचे दोघांचे पत्ते पालथे टेबलावर. ह्या वेळी त्यांनी लगेच बोट केलं न्हाई. चष्मा काढला. आधी माझ्या पत्त्यावर अंगठा फिरवला, मग बन्सीधरांच्या. मग दोन्ही खिडकीकडं धरले, उजेडात. बराच वेळ. म्हणाले, ह्याला खूण कुठं हाय?

सगुणा : असं सरळ विचारलं?

नागनाथ : सरळ. त्यांच्या ध्यानातबी आलं नसंल काय बोललो ते. मी म्हणालो, खूण न्हाई, साहेब. माणूस बघून वळखावं लागतंय.

सुलाबाई : मग बघितलं का मानूस?

नागनाथ : बघितलं. पहिल्यांदा पुरतं माझ्या तोंडाकडं बघितलं, तीन वर्षांत. मला वाटलं, आता बोट तिकडं वळतंय. बन्सीधरांना तर घाम फुटला व्हता, त्यांच्याकडं बघितलं असतं तर लेकरालाबी कळलं असतं. पण बोट माझ्याकडंच आलं.

सगुणा : आन तुमी?

नागनाथ : दंडुका.

सुलाबाई : शाब्बास माझ्या शिपाया. चहा किशनरावाचा.

नागनाथ : त्यांचा. प्यालो आम्ही सगळे. कप खाली ठेवला, ड्रॉवर उघडला आन एक कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, आवक-जावकला तूच हायस, तुझ्याच वहीत नोंद करून घे.

सगुणा : पालम?

नागनाथ : एक मार्चपासून. तारीख बुधवारची हाय कागदावर. पहिल्यांदा हरले त्या दिवशीची.

सगुणा : मग तीन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवून खेळत व्हते?

नागनाथ : खेळत व्हते. मीबी नोंद करून घेतली, आवक नंबर टाकून. मग पत्ते गोळा केले, मोजले, चार. खिशात घातले.

सगुणा : आत्या, तुमी बोला की काहीतरी. सांगितलं व्हतं म्हणा.

सुलाबाई : ते काय बोलायचं. सांगितलंच व्हतं. पालमच्या गोदामावर किती मानसं हायेत रे?

नागनाथ : पाच. मी सहावा.

सुलाबाई : डबा खायला बसत असतील.

नागनाथ : बसतच असतील.

सुलाबाई : सहा जनांना चार पत्ते पुरायचे न्हाईत. सगुणा, खाटंखालून ती दुसरी स्लीपर काढ. दोन शिपाई जास्तीचे कोरा, चोर एकच ठेवा. शाई कालवा तवर, म्या अंगठा धुऊन घेते.

सगुणा : ती चांगली हाय म्हणत व्हता ना तुमी?

सुलाबाई : चांगलीच हाय म्हनून तर. नागनाथ, एकदा सगळं मिळून सांग, म्हंजी माझ्या डोक्यात बसंल. कोन्या दिवशी कोनी पाजला?

नागनाथ : सोमवारी मी. मंगळवारी बन्सीधर. बुधवारी किशनराव. गुरुवारी दत्तराव. शुक्रवारी किशनराव. आज किशनराव.

सुलाबाई : आन पालमच्या यष्टीचं तिकीट?

नागनाथ : ते मी.